बिनपरमिटचा वास

चिन्नोरचा वास पहिल्यांदा आला तेव्हा धनलालबाबू बटाटे उकडत होते, आणि घरात चिन्नोर तांदळाचा एक दाणाही नव्हता.

रविवार होता. वैशाखातली दुपार, एकचा सुमार. छपराचे कवेलू तापून घराची भट्टी झाली होती. बटाटे उकडणं एवढी एकच गोष्ट त्यांना तीन महिन्यांत जमली होती. माघात त्यांची बायको सुखवंता गेली आणि त्यांच्या लक्षात आलं, की बटाट्याला माणसाची फारशी गरज नसते. पाण्यात टाकून बाजूला बसावं, तो आपला आपण शिजतो. त्यांनी गंजावरचं झाकण काढलं आणि वास आला. झाकण ठेवलं, तरी वास होताच. पुन्हा काढलं. बटाट्याचा वास बटाट्याजवळ होता, आणि चिन्नोरचा सगळ्या घरात.

चिन्नोर म्हणजे आखूड, बारीक दाण्याचा तांदूळ. तो शिजायला लागला की गल्लीच्या तोंडाशीच कळतं कोणाकडे पाहुणे आले आहेत ते. पण हे कंट्रोलचे दिवस होते. रेशनवर जो तांदूळ मिळे त्यात तांदूळही असे. एका तहसिलीतून दुसऱ्या तहसिलीत दोन पायल्या न्यायच्या तरी परमिट लागे. आणि तिरोड्याच्या कंट्रोल ऑफिसात त्या परमिटांवर शिक्का मारून आवक-जावकीच्या बारनिशीत नोंद करायचं काम बावीस वर्षं नोकरी झालेल्या धनलालबाबूंकडे होतं. त्यांच्याच घरी बिनपरमिटचा वास यावा, हे त्यांना पटेना.

सुखवंताचं माहेर बालाघाटकडचं. तिचा भाऊ दरवर्षी मार्गशीर्षात नव्या चिन्नोरचं गाठोडं घेऊन यायचा. कंट्रोल आला तसं धनलालबाबूंनी तिला सांगून टाकलं, "परत पाठव. कंट्रोलच्या बाबूच्या घरी बिनपरमिटचा माल चालत नाही." तिने वाद घातला नाही. "पाठवते," म्हणाली. दोन वर्षं दोन गाठोडी परत गेली.

मग पौषात ती आजारी पडली, आणि एक दिवस म्हणाली, चिन्नोरची पेज खावीशी वाटते. धनलालबाबूंनी त्याच दिवशी अर्ज केला. कारणाच्या रकान्यात 'आजारी पत्नीस पेज' असं लिहिलं. डॉक्टरचा दाखला लागला, तो आणला. दोन प्रती लागल्या, दुसरी आणली. ते रोज त्या टेबलावरून या टेबलावर धावत होते. परमिट आलं ते तेरवीच्या दिवशी. त्यावर शिक्काही त्यांनीच मारला. घडी करून पेटीच्या तळाशी ठेवलं, आणि त्या गोष्टीबद्दल कोणाशी बोलले नाहीत. बोलण्यासारखं होतं काय? सगळं नियमाने झालं होतं.

तर असा तो वास.

कुंपणापलीकडून शेजारच्या रुख्माबाईंनी डोकं वर काढलं.

"बाबूजी, चिन्नोर शिजवून राहिले का जी?"

"नाही. बटाटे."

"बटाट्याले असा वास कवापासून येऊन राहिला?"

धनलालबाबूंनी गंज उचलून कुंपणाशी नेला आणि पुरावा म्हणून दाखवला. रुख्माबाईंनी बटाट्यांकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे घरात पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. "मी का काही बोलली नाही जी," असं म्हणून त्या आत गेल्या. ज्या बाई अर्धा तास बोलल्याशिवाय कुंपण सोडत नसत, त्या दोन वाक्यांत गेल्या, हेही धनलालबाबूंना चमत्कारिक वाटलं.

सोमवारपासून ते ऑफिसात आणि वास घरी. पण दुसऱ्या रविवारी बरोबर एकला तो पुन्हा आला. त्या दिवशी त्यांनी बटाटे टाकलेच नव्हते. धुतलेला सदरा घालून ते चुलीसमोर पाटावर बसून होते. दुसरा पाट कोपऱ्यात उभा होता, तो त्यांनी आडवा केला. का केला ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. वास आला तेव्हा ते हळूच म्हणाले, "आलीस?"

"आलो ना जी," असं दारातून उत्तर आलं, आणि उदाराम कंपाउंडर आत शिरले.

उदाराम समोरच्या घरात राहत. दवाखान्यात तीस वर्षं लाल आणि पांढरं औषध देऊन निवृत्त झाले होते. लाल औषध कशाचं आणि पांढरं कशाचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण कोणत्याही दुखण्यावर त्यांचं मत तयार असे.

"नाकाचा हाड वाढला तुमचा," वासाची हकिगत ऐकून ते म्हणाले. "मंग नसलेला वास येते."

"तुम्हाला येतो का?"

उदारामांनी नाक वर केलं. डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

"येते."

"मग?"

"मंग दोघाईचेही वाढले."

पण हे निदान त्यांनाच टिकाऊ वाटलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, भिंतीत उंदीर मेला असेल.

"मेलेल्या उंदराचा असा वास येतो का, उदारामजी?"

"ते उंदरावर हाय."

तेव्हा धनलालबाबूंना आठवलं, की फाल्गुनात माळ्यावर उंदरांनी उच्छाद मांडला होता, आणि गेल्या महिन्याभरात एकाही उंदराचं पाऊल वाजलं नव्हतं. उदाराम म्हणाले, हेच लक्षण. उंदीर गेले म्हणजे घरात दुसरं कोणीतरी आलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "बाईचा जीव चुलीत अडकला. चूल खोदून पाहा."

धनलालबाबूंनी चूल खोदायला नकार दिला. तिच्या हातची चूल होती. पण आडवं झाल्यावर त्यांच्या डोक्यात भलताच विचार आला. सुखवंताने गाठोडं परत पाठवलंच नसेल तर?

ते उठून बसले. ती "पाठवते" म्हणाली होती. पाठवलं का, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. घरातल्या माणसाकडे पावती मागायची पद्धत नव्हती. म्हणजे घरात कुठेतरी चिन्नोर असेल. म्हणजे कंट्रोलच्या बाबूच्या घरात, त्याच्या नाकासमोर, चोरटा माल. धनलालबाबूंना राग यायला हवा होता. राग येईल म्हणून त्यांनी थोडी वाटही पाहिली. पण राग येईना. उलट वाटलं, तसं असेल तर तिने तो खाल्लाही असेल. आपण बाहेर असताना शिजवला असेल. शेवटच्या दिवसांत पेजही...

ते विचार तिथेच थांबवून झडतीला लागले. कारण माल सापडल्याशिवाय काही सिद्ध होत नाही, हे बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना पक्कं कळलं होतं.

धान ठेवायची बांबूची ढोली उपसली. लोणच्याच्या बरण्यांत हात घातले. माळ्याच्या भोकाशी खालून कंदील धरून पाहिलं, भाताच्या तणसाशिवाय काही दिसलं नाही. सुखवंताची पेटी उघडली; तिच्या लुगड्यांना लागलेला कापराचा वास छातीत भरला तशी लगेच बंद केली. शेवटी बुधवारी उदाराम कुदळ घेऊन आले आणि चूलही खोदली गेली. एकोणीसशे चाळीस साली हरवलेला एक पितळी चमचा सापडला. धनलालबाबूंच्या आईने त्यापायी त्या काळी मोलकरीण काढून टाकली होती. पण चिन्नोर नाही.

आता घरात चूल नव्हती. तीन विटा मांडून ते अंगणात बटाटे उकडू लागले. चूल नसलेल्या घरातून रोज दुपारी भाताचा वास येतो, ही बातमी गल्लीत पसरायला कितीसा वेळ लागणार? धनलालबाबू ऑफिसात असताना त्यांच्या घरी कोणीतरी रांधतं. कोण? ऑफिसातला शिपाई एकदा पाणी देता देता म्हणाला, "बाबूजी, घरी पाहुणी आली म्हनते?" धनलालबाबूंनी तो पेला तसाच परत केला. बावीस वर्षांत त्यांनी ऑफिसचं पाणी कधी नाकारलं नव्हतं.

आणि सोमवारी टपालात ते पत्र आलं.

"तिरोडा येथील इसम धनलाल, जे स्वतः कंट्रोलचे बाबू आहेत, त्यांच्या घरी रोज दुपारी चिन्नोर शिजतो. तरी सरकारने नाक घालावे. एक हितचिंतक."

यातला 'ध' धनलालबाबूंनी लगेच ओळखला. हाच 'ध' त्यांनी खोकल्याच्या बाटलीवर 'दुधाबरोबर' या शब्दात वर्षानुवर्षं पाहिला होता.

आलेल्या प्रत्येक पत्राची बारनिशीत नोंद झालीच पाहिजे, हा नियम. पत्र फाडून टाकणारे बाबू दुसऱ्या ऑफिसांत असतील. धनलालबाबूंनी टाक बुडवला. अनुक्रमांक एकशे सतरा. विषय, बेकायदा तांदूळ. तक्रार कोणाविरुद्ध, या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, तेही चांगल्या अक्षरात. मग पत्र घेऊन साहेबांसमोर उभे राहिले.

साहेबांनी वाचलं. "हे खोटं आहे ना, धनलालबाबू?"

"चौकशीशिवाय कसं सांगू, साहेब?"

"अहो, घर तुमचं आहे!"

"म्हणूनच म्हणतो, चौकशी कसून व्हावी."

साहेबांनी चष्मा काढला. आपल्या घराची झडती कसून व्हावी म्हणून अडून बसलेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. हुकूम निघाला. तो धनलालबाबूंनीच लिहिला, धनलालबाबूंच्या नावे जावक केला, आणि मिळाल्याची सही धनलालबाबूंनीच दिली.

इन्स्पेक्टर मुन्नालाल गोंदियाचे. अंगाने भरदार, स्वभावाने मोकळे. येतानाच म्हणाले, "अरे धनलालजी, आप तो घर के आदमी! पाच मिनिट बसतो, चाय पितो, अन् लिहून देतो, कुछ नहीं मिला."

"चहा नाही, चूल खोदली आहे. आणि मुन्नालालजी, ढोलीत हात खालपर्यंत घाला."

दोघे घरापुढच्या सपरीत पाय ठेवतात तो एक वाजला. मुन्नालाल जागच्या जागी थांबले.

"ये तो चिन्नोर है," ते म्हणाले.

"आहे ना?" धनलालबाबू आशेने म्हणाले.

त्यानंतर मुन्नालालनी त्यांना घर का आदमी म्हटलं नाही. पंच बोलवा म्हणाले. एक पंच उदाराम. ते धुतलेलं धोतर नेसून तयारच होते. दुसरा बकाराम, मूळचा दरेकशाचा. पावसाळ्याआधी कवेलू फेरायला तो रुख्माबाईंच्या छपरावर चढला होता, त्याला तिथूनच हाक मारली.

"पत्र तुम्ही लिहिलं," धनलालबाबू उदारामांना बाजूला घेऊन म्हणाले.

"कोनतं पत्र?"

"'ध' तुमचा आहे."

उदारामांनी धोतराचा काठ सारखा केला. "तुमच्या भल्यासाठीच लिवलं जी. आपन दोघांनं खोदून पाहलं, सापडला नाही. सरकारपाशी शिकलेली मानसं असतेत."

शिकलेल्या माणसाने ढोलीत हात घातला तो रेशनच्या तांदळात गेला आणि खड्यांनी खरचटून बाहेर आला. मग बरण्या झाल्या. विटांखाली पाहिलं. उरला माळा. माळ्याचं भोक लहान आणि मुन्नालाल मोठे. त्यांनी बकारामला छपरावरून कवेलू काढून आत पाहायला सांगितलं, आणि आपण खालून शिडी लावून निम्म्यावर उभे राहिले. कुंपणापलीकडे रुख्माबाई पदर तोंडाशी धरून सगळं पाहत होत्या.

वरून बकारामचा आवाज आला. "बाबूजी, तुमच्या घरी सिंदीची फळं कोन खाते?"

"कोणी नाही."

"कवेलूवर बियांचा ढीग हाय."

"बियां छोड," मुन्नालाल ओरडले. "अंदर देख."

दोन कवेलू निघाले. उजेडाचा एक चौकोन माळ्यावर पडला.  मग बकाराम हलक्या आवाजात म्हणाला, "हाय जी. सापडला."

धनलालबाबूंनी डोळे मिटून हात जोडले. नोकरी जाईल, हे त्यांना कळत होतं. तरी हात जोडले.

"कितना है?" मुन्नालाल.

"तीन."

"तीन बोरे?"

"एक मोठी. दोन लहान."

"बडी कितने मन की?"

"ते मले का मालूम जी? तुमच्याकडेच पाहून राहिली."

मुन्नालालनी भोकातून डोकं वर घातलं. नेमकं काय झालं ते त्यांनी अहवालात लिहिलं नाही. माळ्यावर कोणीतरी फिसकारलं, मुन्नालालनी रामाचं नाव घेतलं, आणि शिडी, इन्स्पेक्टर आणि वरचं ओलसर तणस असं सगळं एकदम खाली आलं. सगळ्यात खाली इन्स्पेक्टर होते.

"कांडेचोर!" बकाराम वरून हसत म्हणाला. "लांब शेपटीची, काळ्या तोंडाची उदमांजर. दोन पिल्लं देली तिनं. आमच्या दरेकशाच्या रानात वाटेनं चालता चालता मधीच चिन्नोर शिजल्यासारखा वास येते. मंग समजाचा, इथून कांडेचोर गेला."

"वास कशाचा येतो?" धनलालबाबूंनी विचारलं.

"मुताचा जी. कवेलू तापले का जास्त येते."

 उदाराम गेले दोन आठवडे रोज एक वाजता सपरीत येऊन छाती भरभरून श्वास घेत होते. त्यांनी धोतराचा सोगा नाकाला लावला. मुन्नालाल अजून तणसात बसले होते, ते घाईने उठले.

धनलालबाबू मात्र खाली बसले. धुतलेला सदरा आठवला, आडवा केलेला पाट आठवला. आपण "आलीस?" कोणाला म्हणालो ते आठवलं. माल नव्हता. तिने गाठोडी परतच पाठवली होती, आणि पेज मागितली तेव्हा घरात एक दाणा नव्हता.

बसल्या बसल्या त्यांचा हात समोरच्या तणसात गेला आणि एक चिंधी हाताला लागली. हिरवी, लाल काठाची. सुखवंताचं लुगडं जुनं झालं तेव्हा तिने माहेरी फाडून दिलेला तुकडा. याच फडक्यात तिचा भाऊ गाठोडं बांधून आणायचा. गाठ तशीच होती. बाकी सगळीकडे उंदरांनी कुरतडून जाळी केली होती. गाठीच्या सुरकुतीत चार बारीक दाणे अडकले होते.

धनलालबाबूंनी दाणे तळहातावर घेतले. माळ्यावर तांदूळ होता म्हणून उंदीर आले. उंदीर होते म्हणून कांडेचोर आली. सगळी फाईल एका क्षणात त्यांच्या डोळ्यांपुढे लागली. फक्त एक कागद कमी होता.

तो कुंपण ओलांडून आला. रुख्माबाई सपरीत उभ्या होत्या. मुन्नालाल विहिरीवर अंग धूत होते.

"बाबूजी," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमी ऑफिसात गेले का त् आमी दोघी शिजवून खात होतो जी. दर मंगळवारी. दोनी वर्सं."

"माझ्या घरात?"

"मंग का माझ्या घरात? भाऊ तिचा, चूल तिची."

"संध्याकाळी वास यायचा कधीकधी. मी विचारायचो. ती म्हणायची, शेजारी शिजला असेल."

"शेजारीन तं इथंच बसून राहत होती नं." रुख्माबाईंना हसू आलं आणि त्यांनी डोळे पुसले. "तवाच त् त्या रविवारी वास आला तशी मी भेली. म्हटलं माळ्यावरचा गवसला आता, बाबूजी स्वतःलेच पकडून नेतेत."

धनलालबाबूंना आणखी एक विचारायचं होतं. ते विचारायला त्यांना बराच वेळ लागला.

"आणि पेज?"

"रोज देली जी. शेवटच्या दिसापर्यंत. माळ्यावरून मीच काढत होती तांदूळ. तुमी परमिटसाठी धावून राहिले होते, अन् बाई पेज पिऊन हासून राहिली होती."

"हसत होती?"

"मी म्हटलं, सांग ना वो त्याईले, कायले धावाले लावतं? त् म्हणे, धावू दे. माझ्यासाठी धावून राहिलेत, तेच पाहते मी."

धनलालबाबू कितीतरी वेळ तळहाताकडे पाहत राहिले. मग एकदम ताठ होऊन म्हणाले, "दोन वर्षं! कंट्रोलच्या बाबूच्या घरात! आणि मला एक घास नाही?"

"तुमी परमिट मांगलं असतं," रुख्माबाई म्हणाल्या.



उदारामांनी धूर करून कांडेचोर पळवायचा सल्ला दिला. मिरच्या आणायला ते उठलेसुद्धा. धनलालबाबू म्हणाले, "राहू द्या तिला. तिची पिल्लं लहान आहेत. आणि वासाला परमिट लागत नाही, मी नियम पाहिला आहे." बकारामने कवेलू बसवून दिले. जाताना मुन्नालाल म्हणाले, "धनलालजी, मैं लिख देता हूँ, जंगली बिल्ली. बात खतम." बात खतम झाली नाही. त्यांनी तीनदा अंग धुतलं होतं, तरी ऑफिसात पाय ठेवताच शिपायाने पाठ वळवून दुसऱ्या शिपायाला सांगितलं, की इन्स्पेक्टर साहेब झडतीला जातात आणि जेवून येतात. पुढे आठ दिवस मुन्नालाल आपल्या साहेबांशी दारातूनच बोलत.

दुसऱ्या दिवशी धनलालबाबूंनी बारनिशी उघडली. मुन्नालालचा अहवाल समोर होता, 'तांदूळ आढळला नाही'. तेवढं उतरवून घेतलं असतं तर कोणी विचारलं नसतं. पण बावीस वर्षांत त्यांनी खोटी नोंद केली नव्हती. एकशे सतरा क्रमांकासमोर, निकालाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'तक्रार खरी. माल संपलेला.'

शेवटचा रकाना होता, माल कोणी वापरला. धनलालबाबूंनी टाक पुन्हा बुडवला आणि तिथे लिहिलं, 'जिचा होता तिने.'

मग त्यावर शिक्का मारला.